हिंगोलीकरांचा विमानप्रवास: उशीर, रद्द उड्डाणे आणि सुरक्षेच्या बातम्या

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. सर्वांत जवळचे विमानतळ नांदेडचे, श्री गुरू गोबिंद सिंगजी यांच्या नावाचे. हिंगोली शहरातून कळमनुरी, वारंगा फाटा, अर्धापूर या रस्त्याने ते नव्वद किलोमीटरच्या आसपास पडते. वसमतहून अंतर जवळपास निम्मे. त्यापुढचे पर्याय म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा, हैदराबादचे शमशाबाद, नागपूर, पुणे आणि मुंबई. त्यामुळे इथल्या माणसाचा विमानप्रवास एसटीत, रेल्वेत किंवा भाड्याच्या गाडीत सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. पुण्या-मुंबईत उड्डाण चार तास लांबले तर प्रवासी घरी जाऊन परत येऊ शकतो. सेनगावहून पहाटे निघालेल्या प्रवाशाला ती सोय नसते. त्याची पुढची गाडी चुकते, गाडीवाल्याचे भाडे वाढते आणि मुक्कामाचा खर्चही अंगावर येतो.

नांदेडच्या सेवेचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. केंद्राच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेतील पहिल्या काही उड्डाणांमध्ये नांदेड-हैदराबादचा समावेश होता. २७ एप्रिल २०१७ रोजी ट्रूजेट कंपनीने ते सुरू केले. ही कंपनी २०२२ च्या सुरुवातीला बंद पडली. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या घोडावत समूहाची स्टार एअर आली आणि बंगळुरू, हैदराबाद, दिल्लीजवळचे हिंडन अशी शहरे पुन्हा जोडली गेली. लहान विमानतळावर एका मार्गावर एकच कंपनी आणि दिवसाला एखादेच उड्डाण असते. ते रद्द झाले तर ‘पुढचे विमान’ दुसऱ्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा. नांदेडहून तिकीट काढणाऱ्याने दुसरी वाट आधीच ठरवून ठेवावी. मुंबईपुरती ती सोपी झाली आहे, कारण ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत नांदेडहून सुटते. देवगिरी आणि तपोवन पूर्वीपासून आहेतच. हैदराबादसाठी रात्रीच्या गाड्या आणि खासगी बस मिळतात.

विमानाला उशीर का होतो, हे समजले की तिकीट निवडणे सोपे जाते. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते. सकाळी बंगळुरूहून निघालेले विमान नांदेडला येते, तिथून उत्तरेकडे जाते, परत येते आणि संध्याकाळी आणखी कुठे जाते. दिल्लीच्या धुक्यात सकाळी दीड तास गेला की तो पुढच्या प्रत्येक फेरीत वाहत जातो. नांदेडला आभाळ निरभ्र असूनही फलकावर ‘उशीर’ दिसतो तो यामुळे. यावर सोपा उपाय म्हणजे शक्यतो दिवसाच्या पहिल्या फेऱ्यांपैकी एखादी निवडणे. घरून निघण्यापूर्वी फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर, आपल्याला नेणारे विमान आधीच्या विमानतळावरून सुटले का, हेही पाहता येते. कंपनीचा संदेश उशिरा येतो. विमान आधीच्या गावीच उभे असल्याचे ॲपवर त्याआधी कळते.

दुसरे कारण माणसांचे. वैमानिकाने दिवसात किती तास काम करावे, आठवड्यात किती विश्रांती घ्यावी, रात्री किती वेळा विमान उतरवावे याचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए ठरवते. जानेवारी २०२४ मध्ये हे नियम बदलले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीची व्याख्या मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत वाढली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाला. देशातली सर्वांत मोठी कंपनी इंडिगो त्यासाठी तयार नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबर या एका दिवशीच हा आकडा हजाराच्या पुढे गेला. सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. थकलेल्या वैमानिकाने उड्डाण करू नये हा नियम प्रवाशाच्याच जिवासाठी आहे, तेव्हा दोष नियमाचा नव्हे. बदलाची पूर्वकल्पना जवळपास दोन वर्षे असताना माणसे न भरणाऱ्या नियोजनाचा आहे. यातून प्रवाशाने एवढे ध्यानात घ्यावे की संध्याकाळचे उड्डाण तीन-चार तास लांबले तर ते अचानक रद्द होण्याची शक्यता बरीच वाढते. कर्मचाऱ्यांची कामाची वेळ संपते आणि बदली कर्मचारी लहान विमानतळावर नसतात.

तिसरे कारण प्रवाशाला दिसत नाही, पण गेली काही वर्षे तेच सर्वांत जड आहे. उडायला पुरेशी विमानेच नाहीत. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. नोंदवलेली विमाने वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने हाती येतात आणि कारखान्यात काही अडले की रांग आणखी लांबते. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या नव्या बोइंग ७३७ मॅक्सच्या भिंतीतले, जादा दाराची जागा बंद करणारे झाकण हवेतच निखळून पडले. जीवितहानी झाली नाही, पण तिथल्या नियामकाने या विमानाचे उत्पादन महिन्याला ३८ वर रोखून धरले. त्याच वर्षी बोइंगच्या कामगारांचा जवळपास दोन महिन्यांचा संप झाला. मुंबईत मुख्यालय असलेल्या अकासा एअरचा सगळा ताफा याच जातीच्या विमानांचा. विमाने वेळेवर न आल्याने तिने भरती केलेले वैमानिक उड्डाणाविना बसून राहिले. एअरबस विमानांची अडचण इंजिनांची होती. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या इंजिनांच्या काही भागांत वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष असल्याचे जुलै २०२३ मध्ये जाहीर झाले आणि तपासणीसाठी जगभर शेकडो विमाने जमिनीवर आली. इंडिगोचीच सत्तरच्या वर. त्याआधी मे २०२३ मध्ये गो फर्स्ट याच कंपनीच्या इंजिनांवर बोट ठेवून दिवाळखोरीत गेली. नांदेडला येणाऱ्या एम्ब्रेअर १७५ विमानांना ही इंजिने नसतात, त्यांची जनरल इलेक्ट्रिकची आहेत. पण ताफा लहान असला की एक विमान दुरुस्तीला गेले तरी एखाद्या गावाची फेरी रद्द होते. विमाने कमी पडली की कंपनी ती मुंबई-दिल्लीसारख्या भरगच्च मार्गावर ठेवते आणि कात्री लहान गावावर चालते. व्यापाराच्या हिशेबाने ते समजण्यासारखे आहे. नांदेडच्या प्रवाशाने मात्र ते धरूनच चालावे.

तिकीट काढताना या सगळ्याचा उपयोग होतो. विमान कंपन्यांचे उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. या तारखांच्या पलीकडचे तिकीट फार आधी काढले तर वेळ बदलण्याचा, क्वचित मार्गच बंद होण्याचा धोका असतो. लग्न, परीक्षा, व्हिसाची मुलाखत अशा न टळणाऱ्या कामासाठी आदल्या दिवशी पोहोचेल असे उड्डाण घ्यावे.

दोन विमानांचा प्रवास असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर असणे सर्वांत महत्त्वाचे. एकाच तिकिटावर पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले तर पुढची सोय कंपनीला लावावी लागते. वेगवेगळी तिकिटे स्वस्त पडतात म्हणून घेतली तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी प्रवासी फक्त गैरहजर असतो आणि पैसे बुडतात. वेगळी तिकिटे घेणे भागच असेल तर देशांतर्गत प्रवासात दोहोंमध्ये किमान पाच-सहा तास ठेवावेत. परदेशी उड्डाण असेल तर मध्ये एक रात्र ठेवणे परवडते. विमानतळाचे नाव नीट वाचावे. स्टार एअरने नांदेडची दिल्ली सेवा हिंडनला सुरू केली. हिंडन गाझियाबादला आहे आणि आखातात किंवा युरोपात जाणारी विमाने इंदिरा गांधी विमानतळावरून सुटतात. दोहोंमध्ये अख्खी दिल्ली येते. मुंबईतही आता तेच झाले आहे. नवी मुंबईचे विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू आहे. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर सांताक्रूझ-अंधेरी, ‘एनएमआय’ असेल तर उलवे. सीएसएमटीला उतरून टॅक्सी धरण्याआधी ही तीन अक्षरे पाहावीत.

पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने भरावेत. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज थांबली, २०२३ मध्ये गो फर्स्ट. दोन्ही वेळा आगाऊ तिकिटे काढलेल्यांचे पैसे अडकले. दिवाळखोरीत प्रवासी घेणेकऱ्यांच्या रांगेत फार मागे असतो. कार्डावर मात्र, सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे व्यवहाराला हरकत घेता येते. तिकीट एजंटमार्फत काढले तरी प्रवाशाचा स्वतःचा मोबाइल क्रमांक नोंदवला आहे ना, हे तपासावे. गावाकडे एजंट सवयीने आपलाच नंबर टाकतो. त्यात मोठा तोटा आहे: संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नसेल तर उड्डाण रद्द झाल्याची भरपाई देण्यास कंपनी बांधील राहत नाही.

आता हक्कांविषयी. डीजीसीएची नियमावली सर्व भारतीय कंपन्यांना लागू आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर अपेक्षित असेल आणि प्रवासी वेळेवर चेक-इन करून बसला असेल तर कंपनीने खाणे-पिणे द्यायचे असते. त्याहून लांबच्या, पाच तासांपर्यंतच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची. देशांतर्गत उड्डाण सहा तासांहून अधिक लांबणार असेल तर प्रवासी पूर्ण परतावा किंवा पर्यायी उड्डाण यांपैकी एक निवडू शकतो. हॉटेलची सोय २४ तासांहून अधिक उशिराला मिळते. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर झाला तरी मिळते.

उड्डाण रद्द झाले आणि किमान २४ तास आधी कळवले नाही, तर परतावा किंवा पर्यायी उड्डाणाखेरीज भरपाईही असते: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून लांबच्याला १०,०००. पण यात एक मेख आहे. हा आकडा किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल तेच मिळते. समजा नांदेड-हैदराबाद तिकिटाचे मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून १,९०० रुपये आहेत; भरपाई १,९०० रुपयेच होते, ५,००० नव्हे. स्वस्त तिकिटाची भरपाईही स्वस्तच. शिवाय हवामान, पूर, दंगल, संप, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. म्हणून ‘कारण काय?’ हे काउंटरवर लेखी मागून घ्यावे. कंपनीच्या संदेशात ‘ऑपरेशनल कारणे’ लिहिले असेल तर तो संदेश पुसू नये. उद्या उत्तरात ‘खराब हवामान’ आले तर तोच पुरावा ठरतो.

जागांपेक्षा जास्त तिकिटे विकल्यामुळे प्रवाशाला विमानात घेतले नाही, तर भरपाई मोठी असते. कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे प्रवासी शोधायचे असतात. तरीही एखाद्याला नाकारले आणि तासाभरात सुटणारे दुसरे विमान दिले नाही, तर २४ तासांच्या आत पर्याय दिल्यास मूळ भाडे व इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर लागल्यास चौपट, कमाल २०,००० रुपये. मात्र प्रवासी स्वतः उशिरा पोहोचला तर यातले काहीच नाही. देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर साधारण ६० मिनिटे आधी बंद होतो. पावसाळ्यात हिंगोली-नांदेड रस्त्यावर ओढ्यांना पाणी आले म्हणून झालेला उशीर त्यात माफ होत नाही. प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केले आणि ते परतावा न मिळणारे असले, तरी विमानतळाचे शुल्क आणि कर परत मागता येतात. बरेच जण ते मागतच नाहीत.

सुरक्षेच्या बातम्या वाचताना घटना आणि अपघात यांतला फरक ओळखावा. वैमानिकाने उतरता उतरता विमान पुन्हा वर नेले, याला गो-अराउंड म्हणतात. धावपट्टी मोकळी नाही, वारा फिरला अशा वेळी तेच करायला वैमानिकाला शिकवलेले असते. ‘आपत्कालीन लँडिंग’ या मथळ्याखालच्या बहुतेक घटनांत विमानाला उतरण्यासाठी फक्त अग्रक्रम मिळालेला असतो. खबरदारी म्हणून विमाने थांबवणे हीसुद्धा यंत्रणा जागी असल्याची खूण आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस एअरबसने ए३२० गटातल्या सुमारे ६,००० विमानांच्या नियंत्रण संगणकात तातडीचा बदल सांगितला, कारण तीव्र सौर प्रारणाने त्यातली माहिती बिघडू शकते असे दिसले होते. भारतातली ३३८ विमाने त्यात होती. दोन-तीन दिवस उड्डाणे लांबली आणि काम उरकले.

अपघाताचे एकच कारण सांगणाऱ्या बातमीवर विश्वास ठेवू नये. मराठवाड्यातले उदाहरण २६ एप्रिल १९९३ चे. औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे आयसी ४९१ हे बोइंग ७३७ दुपारी एकच्या सुमारास उडाले. विमान धावपट्टीच्या अगदी टोकाला गेल्यावर उचलले गेले. धावपट्टीच्या पलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डाव्या बाजूचे चाक आणि इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकला धडकला. पुढे विमान उच्च दाबाच्या विजेच्या तारांना लागून कोसळले. ११८ जणांपैकी ५५ गेले. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा उचलल्याचा दोष निघाला, त्याचबरोबर उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात विमानतळ यंत्रणा कमी पडल्याचाही. यांतले एक जरी घडले नसते तरी विमान निघून गेले असते. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातातही हेच भान हवे. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण त्यात गेले. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच उड्डाणानंतर लगेच बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. ते कसे व का गेले, याचा निष्कर्ष त्यात नव्हता. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार असा अहवाल तीस दिवसांत द्यायचा असतो आणि चौकशीचा हेतू दोषी ठरवणे हा नसतो. तेवढ्यावरून कोणाला दोषी धरणारे व्हिडिओ पुढे पाठवू नयेत.

विमानात प्रवाशाच्या हातात असलेल्या गोष्टी थोड्या आहेत. पट्टा सतत बांधलेला ठेवावा. हवेच्या धक्क्यांत जखमी होणारे बहुधा पट्टा सोडलेलेच असतात. मागचे-पुढचे दार किती ओळींवर आहे ते बसल्याबरोबर मोजावे, कारण धुरात दिसत नाही. बाहेर पडण्याचा हुकूम झाला तर बॅग सोडून द्यावी. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर पेटलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातून ३७९ जण सुखरूप उतरले, त्याचे श्रेय या शिस्तीला दिले जाते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीच नाही. १०० वॉट-तास म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंतची परवानगीविना चालते. गावाकडून लेकरांना पाठवल्या जाणाऱ्या डब्यात सुके खोबरे असेल तर ते काढून ठेवावे. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकते, म्हणून ते धोकादायक वस्तूंच्या यादीत आहे. एप्रिल-मेच्या उन्हात हवा विरळ होते, विमानाला उचलायला जास्त धावपट्टी लागते आणि लहान धावपट्टीवर कधी सामान मागे ठेवावे लागते. औषधे, कागदपत्रे आणि एक जोडी कपडे म्हणून जवळच असावेत.

बॅग आली नाही किंवा फुटली तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच कंपनीच्या काउंटरवर पीआयआर हा नोंदीचा कागद करून घ्यावा. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत द्यायची असते. देशांतर्गत सामानाची जबाबदारी सर्वसाधारणपणे २०,००० रुपयांपर्यंत मर्यादित आहे, तेव्हा सोने पोटातल्या सामानात टाकू नये.

तक्रारीचा क्रम ठरलेला आहे. आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला ई-मेल करावा, मग अपील अधिकाऱ्याकडे जावे आणि तिथेही दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवावी. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यानंतरचा मार्ग हिंगोलीतच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असो की बंगळुरूला, त्याने फरक पडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन भरता येते. तिकीट, बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग, आलेले संदेश, फलकाचा फोटो, पर्यायी गाडीची आणि मुक्कामाची पावती एवढे कागद जोडावेत. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे.